कोणत्या शेतातलं?

कापूस फुटला की आधी माझ्या बोटांना कळतं, डोळ्यांना मागून. आता रानात जाणं सुटलं, गुडघे माझं ऐकत नाहीत. तरी दिवाळी मागं पडली, सकाळी पांघरूण सोडवेनासं झालं की बोटांच्या पेरांना आपोआप खाज सुटते. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. लोक म्हणतात कापूस मऊ. मऊ तो गादीवर झोपणाऱ्याला. वेचणारीच्या हाती तो टोचूनच येतो, आणि संध्याकाळी पाट्यावर मिरची वाटायला बसलं की एकेक ओरखडा वेगळा झोंबतो.

आमचं गाव अंबड तालुक्यातलं. एका अंगाला कोरडवाहू रानं, दुसऱ्या अंगाला अंकुशनगरच्या कारखान्याकडं जाणारा उसाचा रस्ता. या दिवसांत रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकलेले दिसतात, भरल्या गाड्यांतून उडालेले. परक्याला वाटावं, झाडं फुललीत. मला त्या पुंजक्यांकडं बघवत नाही. का, तेच सांगायला बसले आहे. शाळा मी फारशी केली नाही. वाचायला शिकले ती देवळात, भजनाच्या ओळीवर बोट ठेवून. आम्ही ख्रिस्ती, पण आमच्या गावात चर्चला देऊळच म्हणतात. तर जसं बोलते तसं लिहिते. मध्येच वळले तर सांभाळून घ्या.

यंदा कापूस फुटायला आणि आमचे नवे पाळक दारात यायला एकच गाठ पडली. प्रवीण त्यांचं नाव. माझ्या नातवाच्या वयाचे. काखेत हेल्मेट, तोंडभर हसू. पोरगा वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते.

"सलाम, आजी."

"सलाम, साहेब. बसा, चहा टाकते."

"नको हो, सकाळपासून पोटात नुसता चहाच आहे. कामाचं बोलायला आलो. येत्या रविवारी कापणीचा सण. वरून यंदा विषय आलाय, ख्रिस्ती पुढाऱ्याचं धैर्य. मोठा फ्लेक्स लावणार आहोत. आणि याकोब पाळकांचा फोटो देवळात लावायचं ठरलंय. तुम्ही त्यांना पाहिलेलं. दोन शब्द बोलाल?"

"कोणते दोन?"

ते हसले. "चांगलेच बोला म्हणजे झालं."

"अन् फोटोवरचा पडदा कोण काढणार?"

"सुधीरदादा. मंडळीचे सेक्रेटरी आहेत ना."

सुधीर म्हणजे भास्करतात्याचा मुलगा. ज्या तात्यानं याकोब पाळकांना गावातून घालवलं, त्या तात्याचा. मी म्हटलं, "बराबर. त्यांच्याच घरचा मान आहे तो." पोराला टोमणा कळला नाही. त्यानं मान डोलावली आणि मोबाइलमध्ये माझं नाव टिपून घेतलं.

*

कापणीचा सण आमच्याकडं कसा व्हायचा, ते आजच्या पोरांना सांगितलं तर गोष्ट वाटते. देवळाला तेव्हा पत्रे होते आणि जमीन शेणानं सारवलेली. ताज्या सारवणाचा, बाजरीच्या कणसांचा, तिळाच्या पेंढीचा आणि पाय बांधून आणलेल्या कोंबड्यांचा मिळून एक वास असायचा. तो वास मला देवाचाच वाटायचा. प्रार्थना ऐन भरात आली की एखादी कोंबडी ओरडायची आणि बायका पदरात तोंड लपवून हसायच्या. ज्याच्या रानात जे पिकलं त्यातलं पहिलं देवापुढं आणायचं. मूग, उडीद, भोपळा, अंडी, उसाच्या दोन कांड्या, आणि कापूस तर असायचाच.

अन् आमच्या मंडळीची एक रीत होती, ती मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. सगळ्या टोपल्यांवर एकदम प्रार्थना नसायची. एकेक घर पुढं यायचं. पाळक विचारायचे, "कोणत्या शेतातलं?" आणणाऱ्यानं शेताचं नाव सांगायचं. आंब्याखालचं. पांढरीतलं. विहिरीवरचं. मग पाळक ती टोपली दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचलायचे, शेताचं नाव मोठ्यानं घ्यायचे, आणि सगळ्यांनी आमेन म्हणायचं. ज्यांना शेत नव्हतं ते म्हणायचे, "मजुरीतलं." आम्ही त्यातलेच. आमची वाटीभर बाजरीही तशीच छातीपर्यंत उचलली जायची, आणि "मजुरीतलं" हा शब्द पत्र्यावर असा घुमायचा की जणू चांगलं बागाईत रान आहे. माझी सासू सांगायची, देवाला पत्ता कळावा म्हणून विचारतात, पुढच्या साली पाऊस कुठं पाडायचा ते त्याला समजतं. मला पुढं वेगळंच वाटायला लागलं. देवाला पत्ते ठाऊक असतात. विचारणं आमच्यासाठी होतं. हातात टोपली घेऊन, चारचौघांत, देवापुढं शेताचं नाव सांगायचं म्हणजे ते शेत आपलं असावं लागतं.

*

माझी पहिली मुलगी रूथ. बाप्तिस्मा झाला आणि पुढच्या पौर्णिमेच्या आत तापानं गेली. जालन्याच्या दवाखान्यात न्यायला एसटीची वाट बघत होतो आम्ही फाट्यावर, आणि एसटी आली तेव्हा न्यायचं कारण उरलं नव्हतं. आमचं कब्रस्तान नाल्याच्या काठाला. जुन्या मिशनच्या काळात गावानं दिलेली जागा, काळी, खोल माती. लेकराला केवढी जागा लागते! माझ्या नवऱ्यानं, योहाननं, एकट्यानं खड्डा घेतला. क्रूस करायला लाकूड नव्हतं. घरचं जातं तेव्हा नुकतंच फुटलं होतं, त्याची वरची पाळ त्यानं डोक्यावर नेली आणि मातीवर ठेवली. खुंट्याच्या भोकात मी झेंडूचं झाड लावलं. ते जगलं नाही. पण पाळ होती. रानातून येताजाता मला ती लांबून दिसायची, आणि दिसली की छातीतलं दूध आटल्यावरही काहीतरी दाटून यायचं.

कब्रस्तानाला कुंपण बाभळीच्या काट्यांचं. दर साली ते नवं करायचं काम मंडळीनं भास्करतात्याकडं दिलेलं. तात्या मंडळीचे मुख्य पंच, आणि त्यांचं रान कब्रस्तानाला लागून. सोयीचंच होतं. आमच्यातला शिकलेला, बैलजोडी राखणारा, वर साहेबलोकांत उठबस असणारा तो एकटा. जालन्याच्या वसतिगृहात कुणाच्या पोराचा नंबर लावायचा तर तात्याचा शब्द लागायचा. वेचणीला कुणाला बोलवायचं, कुणाला वगळायचं, तेही तात्याच ठरवायचे. माणूस रागीट नव्हता. हसून बोलायचा. लेकराबाळांना बोरं द्यायचा.

दर साली कुंपण नवं व्हायचं आणि थोडं आत यायचं. शेजाऱ्याचा बांध कोरणारे आम्ही पाहिले होते. मेलेल्यांचा बांध कोरणारा पहिल्यांदाच पाहत होतो, आणि पाहून न पाहिल्यासारखं करत होतो. बायका हळूच बोलायच्या, "यंदा काटे लईच आत आले गं." बाप्ये म्हणायचे, "काटे जुने झाले, सरकले असतील." काटे सरकले म्हणे! रूथची पाळ आधी कुंपणाच्या आत होती. मग कुंपणाला टेकली. मग एका नांगरटीनंतर मला दिसेनाशी झाली.

योहान तात्याकडं गेला. तात्यांनी चहा पाजला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "योहान, लेकरू देवाजवळ हाय. दगडात काय गुंतून पडला बाबा?" योहान परत आला आणि माझ्याकडं न बघता बैलांना पाणी दाखवायला गेला. बैल तात्याचेच होते.

*

याकोब पाळक आमच्याकडं आले ते त्याच्या आधीच्या साली. सडपातळ माणूस, आवाज बारीक, उपदेश सांगताना मध्येच शब्द विसरायचे. गावाला ते पसंत नव्हते. पाळक कसा, आवाज पार चौकापर्यंत जावा असा पाहिजे. पाळकीणबाई मात्र सगळ्यांना आवडायच्या, कारण त्या लोणचं मागितलं की बरणीच पुढं करायच्या.

मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. पण कापणीच्या सणाआधी ते कब्रस्तानात झाडलोट करायला गेले होते. पाळकानं झाडू हातात घेतला याचंच गावाला हसू आलं होतं.

त्या रविवारी देऊळ भरलेलं. एकेक टोपली उचलली जात होती. आमची बाजरी झाली. मग तात्या उठले. डोक्यावर रुमाल, हातात ही एवढी पाटी, वर पहिल्या वेचणीचा कापूस, दुधाच्या सायीसारखा. त्यांनी पाटी टेबलावर ठेवली.

"कोणत्या शेतातलं, तात्या?"

"नाल्याकाठचं."

"नाल्याकाठचं कुठवर?"

मागं कुणीतरी हसलं. वाटलं, पाळक गंमत करतायत. तात्याही हसले. "साहेब, सण हाय. मोजणी न्हाई."

याकोब पाळकांनी टेबलाची कड धरली. म्हणाले, "तात्या, मी परवा तिकडं गेल्तो. कुंपणाच्या पल्याड, पऱ्हाटीच्या तासात मला एक क्रूस सापडला. नांगराच्या फाळानं चिरलेला. हा कापूस आपल्या माणसांवर उगवलाय. मी हा उचलणार न्हाई."

त्यांनी पाटी टेबलावरून खाली घेतली, बाजूला जमिनीवर ठेवली, अगदी हळू, सांडू नये अशी. आणि म्हणाले, "पुढची टोपली आणा."

पुढची टोपली कुणी आणली नाही. कोंबड्यासुद्धा गप होत्या.

मी बायकांच्या बाजूला उभी राहिले. कशी उभी राहिले मला ठाऊक नाही. म्हटलं, "माझी रूथ तिथंच हाय."

तात्या माझ्याकडं वळले. चेहऱ्यावर तेच हसू. "कुठं हाय, मार्था? जागा दाखव ना. आत्ता चल. बोट ठेव, मी स्वतः पऱ्हाटी उपटून देतो. सगळ्यांच्या समोर बोलून राह्यलो."

सगळं देऊळ माझ्या तोंडाकडं बघत होतं. आणि मला जागा दाखवता येत नव्हती. पाळ गेलेली, बांध गेलेला, आठवणीतलं बोरीचं झाड तोडलेलं. आईला लेकराची जागा सांगता येऊ नये, ही करामत त्यानं केली होती आणि तिचाच पुरावा तो माझ्याकडं मागत होता. तात्यांनी दोन्ही हात पसरले, म्हणाले, "बघा." बस, एवढंच. बघा.

*

पुढचं सांगायला मला कधी जड गेलं नाही. ते माझं पुष्कळ वेळा मनात सांगून झालंय.

वरून साहेब आले, पाळकांच्या बदल्या करणारे, संभाजीनगरहून, जीपमधून. उतरले तात्यांकडंच. तिथंच जेवले. दुपारी देवळात सगळ्यांना बसवलं. गोरेगोमटे, मऊ बोलणारे, हातात पांढरा रुमाल. तासभर शांतीवर बोलले. मंडळीत शांती पाहिजे, शांतीवाचून आशीर्वाद नाही. मग याकोब पाळकांकडं वळून म्हणाले, "धैर्य चांगलंच हो, पण जागा बघून दाखवावं. पाळकानं मेंढरं सांभाळायची, बांध नाही." लोक हसले. साहेबांचा विनोद म्हटल्यावर हसावं लागतं.

कब्रस्तान बघायला साहेब गेले नाहीत. जीप तिथवर जात नव्हती, म्हणे.

मग ते म्हणाले, "ज्यांना हे पाळक इथं राहावेत असं वाटतं, त्यांनी हात वर करा."

योहाननं हात वर केला. मी केला. माझ्या सासूनं केला. कोपऱ्यात एक म्हातारा होता, ऐकू न येणारा, त्यानंही केला; त्याला वाटलं प्रार्थना आहे. मी मागं वळून पाहिलं. ज्यांची आई त्या पऱ्हाटीच्या तासाखाली होती, ज्यांचा भाऊ होता, ती माणसं मांडीवरचे हात बघत बसलेली. कुणाचं पोर वसतिगृहात होतं. कुणाची वेचणी अर्धी राहिली होती. पोटाचं मला कळतं, मी काय बंगल्यात वाढले? पण एक सांगते. परक्यानं लाथाडलं तर माणूस एकमेकांना धरून उभा राहतो. आपल्याच पंचानं आपल्याच मेलेल्यांवर नांगर घातला, तेव्हा मात्र ज्यानं त्यानं आपापलं पाहिलं. त्याचं नाव आम्ही शांती ठेवलं.

नाताळ तोंडावर असताना याकोब पाळकांची भोकरदनकडं बदली झाली. एवढी घाई की पाळकीणबाईंनी करंज्यांचं सारण केलेलं, ते तसंच डब्यात भरून घेतलं. फाट्यावर पत्र्याची ट्रंक, एक गाठोडं आणि ते दोघं. निरोप द्यायला मी होते आणि माझी शेजारीण खैरूनबी. ती मुसलमान, तिला आमच्या मंडळीचं काय? पण भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून तीच आली होती.

मी विचारलं, "साहेब, त्या दिवशी भ्या न्हाई वाटलं?"

ते म्हणाले, "लई वाटलं, मार्थाबाई. पाय कापून राह्यले होते. म्हणून तर टेबल धरलं होतं." मग म्हणाले, "मला वाटलं, मी एकदा विचारलं की मागून सगळे विचारतील. तिथं माझा हिशेब चुकला."

एसटी आली. कंडक्टर ओरडला, "जल्दी करा, जल्दी." ट्रंक वर चढवताना याकोब पाळकांचा सदरा काखेत उसवला. त्यांची माझ्याकडं उरलेली शेवटची आठवण म्हणजे ती उसवलेली काख.

त्यांच्यानंतर आलेल्या पाळकांनी पहिल्याच सणाला रीत बदलली. एकेक टोपली उचलण्यात फार वेळ जातो म्हणाले. सगळ्या टोपल्या एकत्र ठेवायच्या, वर हात पसरायचे, एकच प्रार्थना. कुणाची कोणती, कोणत्या शेतातली, काही विचारायचं नाही. लोकांना बरं वाटलं. लवकर जेवायला मिळतं.

आणि रूथची पाळ? ती मला पुढच्या वेचणीला दिसली. तात्याच्या विहिरीवर पाणी प्यायला वाकले, तर पाण्याच्या इंजिनाखाली टेकण दिलेलं. खुंट्याचं भोक तेच. मी त्या भोकात बोट घातलं. इंजिन चालू होतं, दगड थरथरत होता. मुकादमीण ओरडली, "मार्था, पाणी पिऊन राह्यली का अंघोळ करून राह्यली?" मी बोट काढलं आणि तासाला लागले.

*

तात्या वारले त्याला बरीच सालं झाली. त्यांची कबर आमच्या कब्रस्तानात सगळ्यांत रुंद, काळ्या फरशीची, चकचकीत. आता काट्यांचं कुंपण गेलं, सुधीरनं लोखंडी तारेचं केलं. ते तात्यांच्या कबरीला वळसा घालून गेलंय. तिथून पुढं ते सरकत नाही. बापाच्या अंगावरून नांगर न्यायला मन धजत नसेल. पलीकडं मात्र पऱ्हाटी तशीच, दर साली.

याकोब पाळक गेल्या उन्हाळ्यात गेले. कुठल्याशा छोट्या गावी, मुलीकडं. आणि त्यांच्या मरणाची बातमी मोबाइलवरच्या मंडळीच्या गटात आली तेव्हा सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली. आता फोटो. मेलेला माणूस काही विचारत नाही, तेव्हा त्याच्या धैर्याचं कौतुक करायला हरकत नसते.

सणाच्या आदल्या दिवशी ऊन कलल्यावर मी काठी घेतली आणि नाल्याकडं निघाले. खैरूनबी ओट्यावर पान लावत बसली होती. आता आम्ही दोघी सारख्याच वाकलेल्या.

"क्या गे मार्था, किधर?"

"कापूस आणायला."

तिला सांगावं लागलं नाही. ती चपला घालून मागं आली. तारेखालून मी कशी वाकून गेले ते माझ्या गुडघ्यांनाच ठाऊक. रूथ कुठं आहे हे मला तेव्हाही दाखवता आलं नाही, आता कुठून येणार? म्हणून त्या पट्ट्यातल्या एकेका झाडाचं एकेक बोंड घेत गेले. कुठलंतरी तिचं असेल.

खैरूनबी तारेपाशी राखण करत उभी. "इस उमर में चोरी करने निकली क्या गे?"

"चोरी कशाची? माझंच हाय."

"तो फिर इत्ता डर-डर के काय को चुन रई?"

"भ्या वाटून राह्यलं म्हणून."

ती पिचकारी टाकून म्हणाली, "हमारे लोगां मुर्दे से डरते. तुम्हारे लोगां तात्या से डरते. वो बी मरे हुए तात्या से." आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या तिथं, तारेच्या दोन बाजूंना, डोळ्यांत पाणी येईतो हसलो. बोटांतून रक्त आलं होतं. पदराला पुसलं.

*

रविवारी देवळात प्लॅस्टिकच्या खुर्च्या, माइक, मागं फ्लेक्स. फ्लेक्सवर सिंहाचं चित्र. याकोब पाळकांचा आणि सिंहाचा काय संबंध! फोटोत ते हसताहेत, तरुण, भांग पाडलेले. लग्नातला फोटो कापून मोठा केला असावा, कारण खांद्याजवळ पाळकीणबाईंच्या बांगड्यांची कड राहिली आहे. सुधीरनं पडदा काढला, हार घातला आणि धैर्यावर खूप वेळ बोलला. आवाज चांगला आहे त्याचा, चौकापर्यंत जातो. "अशा निर्भय माणसाच्या पायाशी माझे वडील बसायचे," असं म्हणाला तेव्हा टाळ्या पडल्या. ज्यांनी मांडीवरचे हात पाहिले होते, त्यांची लेकरं टाळ्या वाजवत होती. त्यांना दोष देत नाही. त्यांना कुणी सांगितलंय? माझे दोन शब्द वेळेअभावी राहिले.

मग टोपल्या. लोक रांगेनं येऊन ठेवत होते. सोयाबीन, तूर, भोपळे, बंद पुड्यांतली बिस्किटंसुद्धा. सुधीरच्या घरची पाटी मध्यभागी, पांढरीशुभ्र. मी सगळ्यांत शेवटी गेले. पदरातला मूठभर कापूस हातात घेतला आणि टेबलापुढं उभी राहिले.

प्रवीण पाळक म्हणाले, "ठेवा, आजी."

"विचारा ना, साहेब."

"काय विचारू?"

मी फोटोकडं बोट केलं. "ते विचारायचे ते."

त्यांना ठाऊक होतं. माझं नाव टिपून घेतलं त्या दिवशी निघताना ती रीत मी त्यांना सांगितली होती, आणि "किती सुंदर!" म्हणाले होते. आता त्यांनी माझ्या हातातल्या कापसाकडं पाहिलं. मग पहिल्या खुर्चीकडं पाहिलं, सुधीरकडं. मला त्यांचा चेहरा बदलताना दिसला. कळलं होतं त्यांना, अगदी पुरतं कळलं होतं. टेबल होतं समोर. धरायला कड होती. त्यांनी ती धरली नाही. माइक धरला. "आपल्या सगळ्यांत वयोवृद्ध आजींना आशीर्वाद हवा आहे," असं म्हणाले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्या तब्येतीसाठी प्रार्थना केली. गुडघ्यांचाही उल्लेख केला. आमेन झालं. पेटीवाल्यानं सूर धरला आणि सगळे उभे राहून गायला लागले. त्या गाण्यात मी म्हणाले, "कब्रस्तानातलं." माझं मलाच ऐकू आलं नाही.

कापूस मी त्या ढिगात ठेवला नाही. घरी आणला, खिडकीत वाटीत ठेवला.

बुधवारी संध्याकाळी मोटारसायकल वाजली. प्रवीण पाळक आत आले, बसले नाहीत. वाटीकडं बघत राहिले. मग वळून त्यांनी दार पुढं ओढलं, कडी लावली आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"आजी, कोणत्या शेतातलं?"

खरं सांगते, मला त्या पोराची दया आली. डोळे लाल होते, झोपलेला दिसत नव्हता. सगळं सांगून टाकावं, कुशीत घ्यावं असं वाटलं. पण ती कडी मला दिसत होती.

मी म्हटलं, "साहेब, आधी दार उघडा. मंग विचारा."

बाहेर रस्त्यावर माणसं होती. वेचणीहून बायका परतत होत्या, सुधीरचा ट्रॅक्टर चौकात उभा होता, त्याचा आवाज येत होता. पाळक बराच वेळ कडीवर हात ठेवून उभे राहिले. मी वाट बघत राहिले. वाट बघायची मला सवय आहे.

त्यांनी दार उघडलं. आणि हेल्मेट घातलं.

"सलाम, आजी."

"सलाम."

मोटारसायकल चौकातून गेली तेव्हा सुधीरनं हात केला असावा, कारण हॉर्न वाजला, दोनदा, ओळखीचा. दार उघडंच राहिलं होतं. थोड्या वेळानं थंडी आत यायला लागली, वाटीतला कापूस हलायला लागला, म्हणून मीच उठले.

दार लावलं नाही. वाटी उचलली आणि उंबऱ्यावर जाऊन बसले. येणाऱ्याजाणाऱ्या बायका म्हणाल्या, "काय मार्थाबाई, थंडीत बसून राह्यल्या?" मी हो म्हटलं. हातातल्या वाटीकडं सगळ्यांनी पाहिलं. विचारलं कुणीच नाही.